सामरीला भ्यायचं की हसायचं?

पत्र थोडक्यात असं: यावल तालुक्यातल्या एका गावातून ‘सामरीची भाची’ या नावानं ते आलंय (सामरी म्हणजे ‘पुराना मंदिर’ सिनेमातला सैतान). वय ४१, पतसंस्थेत नोकरी, दोन मुलं, घरात सासूबाई. लहानपणी गल्लीत भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर भुताचे सिनेमे बघितले, ते वेड अजून सुटलेलं नाही. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आतेभावाबरोबर त्या जुन्या भयपटांवर ऑडिओ कॉमेंट्री रेकॉर्ड करतात. म्हणजे ऐकणाऱ्यानं सिनेमा आपल्याकडे लावायचा आणि सोबत या दोघांचा आवाज चालू ठेवायचा. १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’, ‘महल’ आणि ‘पुराना मंदिर’ असे तीन सिनेमे झाले. अडचण अशी, की या आठवडाभर वाचून टिपणं काढतात आणि भाऊ सगळ्याची टर उडवतो. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागला, “भाऊ भारी, ताई जरा बोर.” माइक आणि लॅपटॉप भावाचा. सासूबाई म्हणतात, दिवेलागणीला घरात किंकाळ्या नकोत, अमावस्येला तर नकोच. शिवाय घरची लेवा गणबोली मध्येच तोंडातून निसटते आणि मग तेवढा तुकडा कापावा लागतो. विचारतात: भावाला सोडून एकटीनं गंभीरपणे करू, लोकांना हवंय म्हणून मीही विनोद करू, की हे खूळच बंद करू?

भाचीबाई,

पत्रासोबत तुम्ही ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची पहिली वीस मिनिटं कच्चीच पाठवलीत, फार बरं केलंत. नुसतं पत्र असतं तर मी पण भावाच्या अंगावर घसरले असते. मी सिनेमा लावला, कानात तुमचा आवाज लावला आणि ऐकत बसले. दोनदा ऐकलं.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. भाऊ आणि बहीण लांबचा प्रवास करून वडिलांच्या थडग्यावर फुलांचं चक्र ठेवायला आलेत. भावाला या सगळ्याचा कंटाळा आलाय. बहीण लहानपणी या दफनभूमीत घाबरायची हे त्याला आठवतं आणि तो आवाज काढून तिला चिडवायला लागतो, ‘ते तुला धरायला येताहेत’ म्हणून. तिला ते आवडत नाही. पाठीमागे लांबवर एक माणूस अडखळत चाललेला दिसतो. आपल्याला वाटतं, असेल कुणीतरी म्हातारा. तो जवळ येतो, बहिणीला धरतो, सोडवायला भाऊ धावतो आणि जातो बिचारा. टिंगल करणारा पहिला जातो.

आता तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच वेळी काय चाललंय ते सांगते. बहीण कागदावरून सिनेमाचं बजेट वाचतेय आणि भाऊ तिला चिडवतोय. पडद्यावरही भाऊ-बहीण आणि माइकसमोरही भाऊ-बहीण, आणि दोघांच्याही ते ध्यानात आलेलं नाही! मला इथं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

मग सहाव्या मिनिटाच्या आसपास तुमच्याकडे लाइट गेली असावी. इन्व्हर्टरची पिपाणी वाजते, कागद खसखसतो, दोन क्षण कुणीच बोलत नाही. आणि तुम्ही एकदम हळू आवाजात म्हणता, “तो मांगे बुढा चालू राह्यला, पाह्य ना.” माझ्या अंगावर काटा आला. सिनेमा मला पाठ आहे, तरी आला. लगेच तुम्ही म्हणता, “सॉरी, हे काप.”

ते कापू नका. वीस मिनिटांत कॉमेंट्री म्हणावी अशी तेवढीच एक जागा आहे.

तुम्ही मला विचारलंय, गंभीर की विनोदी. पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात टोचणारं वाक्य ते नाही. टोचतंय ते ‘ताई जरा बोर’. तुम्ही ते एकदाच लिहिलंय आणि पुढं दीड पान भावाच्या उथळपणाबद्दल. मला वाटतं, राग भावाच्या विनोदांचा नाही, कष्ट तुमचे आणि शाबासकी त्याला याचा आहे. तो राग रास्तच आहे. फक्त त्याचं औषध विनोद बंद करणं हे नाही. आणि तुम्ही गंभीर आहात म्हणून कंटाळवाण्या होत नाही हो, वाचून दाखवता म्हणून होता. तुमचा वाचतानाचा आवाज आणि ‘बुढा चालू राह्यला’ म्हणतानाचा आवाज या दोन वेगळ्या बाया आहेत. पहिली पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवाल वाचतेय.

माहिती नको असं मी म्हणत नाही. सिनेमा चालू असताना त्याच्यावर बोलायची ही रीत सुरू झाली तीच अभ्यासू माणसापासून, आणि योगायोग बघा, राक्षसाच्याच सिनेमापासून. १९८४ साली अमेरिकेत ‘किंग काँग’ची लेझरडिस्क, म्हणजे सिनेमा साठवलेली मोठी तबकडी, निघाली. तिच्यावर आवाजाचा एक जास्तीचा पट्टा मोकळा होता. रोनाल्ड हेव्हर नावाच्या, संग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळणाऱ्या माणसानं त्या पट्ट्यावर सिनेमाबरोबर बोलून ठेवलं. पुढं डीव्हीडीच्या काळात दिग्दर्शकांपासून वेड्या चाहत्यांपर्यंत सगळे बोलायला लागले. माहिती असावीच, पण जिथं ती पडद्यावर दिसते तिथं. ‘महल’चं उदाहरण घ्या. १९४९ साल, दिग्दर्शक कमाल अमरोही, नायिका मधुबाला, हे कुणालाही सापडतं. पण ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीला आवाज लांबून येत येत जवळ येतो, ती जागा घ्या. तेव्हा तसा परिणाम साधायची यंत्रं नव्हती. माइक खोलीच्या मध्यावर ठेवला होता आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. हे गाणं सुरू व्हायच्या आधी अर्धं मिनिट सांगा, आणि मग गप्प बसा. ऐकणारा जन्मात ते गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकणार नाही. तसंच त्या हवेलीतल्या सावल्यांचं. कॅमेऱ्यामागं योसेफ विर्शिंग हा जर्मन माणूस होता, बॉम्बे टॉकीजसाठी म्युनिकहून आलेला. सावली भिंतीवर आली की त्याचं नाव घ्या, नामावलीच्या वेळी नको.

आता भाऊ. एक किस्सा सांगू द्या.

माझं लहानपण अमळनेरला गेलं. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरायची, बोरी नदीच्या वाळवंटात पाळणे आणि टुरिंग टॉकीजचा तंबू. तिथं मी ‘पुराना मंदिर’ बघितला, तोही पडद्याच्या मागच्या बाजूनं, कारण पुढची बाजू भरली होती. मागून चित्र उलटं दिसतं, पाट्या उलट्या आणि माणसंही उलटी. सामरी डावखुरा आहे असं मी कितीतरी वर्षं छातीठोक सांगत होते. तर शेजारी माझी आजी. सिनेमाभर तिचं चालू, “अरे भो, तठे नको जाऊ! मांगे देख, मांगे!” नायक काही ऐकत नव्हता. आजूबाजूच्या बाया हसत होत्या, आणि सामरी आला की त्याच बाया एकमेकींच्या पदरात तोंड खुपसत होत्या. हसणं आणि भिणं एकाच तंबूत, एकाच तिकिटात.

‘पुराना मंदिर’ काढणाऱ्या रामसे बंधूंना हे चांगलं कळलेलं होतं. ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीपचा मच्छर सिंग आहे तो काय उगाच? सामरीमधून श्वास घ्यायला मिळावा म्हणून ‘शोले’ची टर मध्ये घातलेली आहे. या घराण्याचा भुताकडं वळण्याचा किस्साही तसाच आहे. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात त्या एका दृश्याला थिएटरात लोक घाबरून ओरडत होते, हे या भावांनी बघितलं. मग १९७२ला ‘दो गज जमीन के नीचे’ आला. म्हणजे दिशा दाखवली ती प्रेक्षकांच्या किंकाळीनं. अशा सिनेमावर तुम्ही एकट्या चष्मा लावून बोलायला बसलात तर सिनेमाच ओशाळेल.

पण म्हणून भावाचं सगळं चालवून घ्या असंही नाही. त्याच्या वीस मिनिटांतले विनोद मी मोजले. निम्म्याहून जास्त एकच आहेत: मेकअप बघा, केस बघा, बजेट संपलं वाटतं. रबरी मुखवटा रबरी आहे हे आंधळ्यालाही दिसतं. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर होता. असा माणूस ते सैतानाचं सोंग चढवून शूटिंगला उभा राहत होता, यावर विनोद करायला सांगा त्याला, नवीन काहीतरी सुचेल. एकाच गोष्टीवर दुसऱ्यांदा हसायचं नाही, एवढी एकच अट घाला. विनोद निम्मे होतील आणि दुपटीनं चांगले होतील.

आणि त्याला एक प्रश्न विचारा, रेकॉर्डिंग चालू असताना विचारा. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, की व्हीसीआरच्या त्या रात्री हा बहाद्दर खाटेखाली शिरला होता आणि सकाळी तिथंच झोपलेला सापडला. मग तो कशाला घाबरला होता? नक्की कुठल्या क्षणी? खाटेखालून त्याला काय दिसत होतं, सगळ्यांचे पाय? टिंगल करणारी माणसं बहुतेक वेळा घाबरलेली असतात, हे मी सदर चालवून शिकले, सिनेमे बघून नाही.

एका बाबतीत मात्र मी भावाच्या पूर्ण विरोधात आहे. ‘पुराना मंदिर’मधलं तुम्ही लिहिलेलं त्याचं एक वाक्य, आपल्या सातपुड्यातल्या डाकिणींबद्दलचं. भाचीबाई, तुमच्या घराच्या गच्चीवरून सातपुडा दिसतो. त्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडं तर फारच, ‘डाकीण’ हा शब्द बाईच्या नावाला लागला की तिचं गाव सुटतं, कधी जीवही जातो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तिथं वर्षानुवर्षं पायपीट करताहेत, आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यामागं अशाही बायकांची दुःखं आहेत. एखाद्या सिनेमात गावकरी मशाली घेऊन चेटकिणीच्या मागं लागतात तेव्हा पुण्या-मुंबईचा माणूस ते परंपरेतलं दृश्य म्हणून बघेल. तुम्ही दोघं तसं बघू शकत नाही, आणि तेच तुमच्याकडं आहे आणि इतरांकडं नाही. तिथं विनोद थांबवा. भाषण पण ठोकू नका. दोन वाक्यं सांगा, आपल्याकडं असं खरंच होतं म्हणून, आणि दृश्य चालू द्या. मला वाटतं, तेवढं ऐकून सामरीपेक्षा जास्त भीती वाटेल.

भाषेचं उत्तर तुम्हाला मघाशीच मिळालं असेल. बहिणाबाईंचं नाव घेऊन मी गहिवरणार नाही, ते आपल्याकडं फार होतं आणि नंतर पोरांना गणबोलीत बोललं की कानाखाली बसते. मी एवढंच बघितलं, की तुम्हाला जेव्हा खरोखर काही दिसतं तेव्हा तुम्ही लेवात बोलता आणि जेव्हा आठवून सांगता तेव्हा पुस्तकी मराठीत. दोन्ही राहू द्या. माहिती सगळ्यांना कळेल अशा मराठीत, आणि दचकणं आपापल्या बोलीत. ‘मांगे पाह्य’ न कळणारा महाराष्ट्रात कुणी नाही. एखादा शब्द अडलाच तर भाऊ आहेच अर्थ सांगायला, तो चुकीचा सांगेल आणि तुम्ही त्याला दुरुस्त कराल. झाली की जुगलबंदी.

सासूबाई. तुमच्या पत्रात त्या अंधश्रद्धाळू ठरल्या आहेत. असतीलही. पण त्यांच्या बाजूनं बघा. सून आणि तिचा आतेभाऊ दार लावून बसतात, दोघांच्या कानात हेडफोन, आत काय चाललंय ते कळत नाही, मध्येच सून किंचाळते. सिनेमाचा आवाज फक्त तुम्हाला, त्यांना नुसती किंकाळी! मी असते तर मीही देवाजवळ दिवा लावला असता. दिवेलागणी त्यांची सोडा, रात्री जेवणं झाल्यावर बसा, तशीही तेव्हा रहदारी कमी असते. अमावस्याही देऊन टाका. महिन्याची एक रात्र देऊन बाकीच्या हातात येत असतील तर हा सौदा स्वस्त आहे. (आमचे विवेकवादी वाचक आता मला पत्रं लिहितील. लिहा, छापू.) आणि ‘महल’ पुन्हा कराल तेव्हा त्यांना आत बोलवा. त्यांच्या वयाच्या बाईनं ‘महल’, ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी’ कुठं, कुणाबरोबर, घरी काय थाप मारून बघितले, ते विचारून तर बघा.

थोडं कामाचं, कारण अशाच पाच-सहा जणांची पत्रं गेल्या वर्षात आली आहेत.

तुम्ही सिनेमा न देता फक्त आपला आवाज देताय, हे उत्तम. त्यात सिनेमाची नक्कलच होत नाही. फक्त तुमच्या माइकमध्ये सिनेमाचा आवाज शिरू देऊ नका, म्हणून हेडफोन दोघांनाही हवेत. आपल्याकडं सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. ‘महल’ केव्हाच मोकळा झाला, ‘पुराना मंदिर’ २०४४ संपेपर्यंत नाही. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेत पहिल्या दिवसापासून मोकळाच आहे, कारण ऐन वेळी नाव बदलताना नव्या पाटीवर हक्काची ओळ घालायची राहून गेली. पण सिनेमा मोकळा झाला म्हणून गाणी मोकळी झाली असं समजू नका. शब्द आणि चाल यांचे हक्क गीतकार-संगीतकारांच्या मृत्यूनंतर मोजतात. गाणं मागं वाजवू नका, तुम्हीच गुणगुणा फार तर.

खरी डोकेदुखी जुळवणीची आहे. तुमच्याकडची प्रत आणि ऐकणाऱ्याकडची प्रत सारखी नसते. कुठं सेन्सॉरनं कापलेलं, कुठं अपलोड करणाऱ्यानं. परदेशी सिनेमांच्या काही प्रती तर वेगानंच पुढं असतात: सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा २५नं चालवला की ९६ मिनिटांचा सिनेमा ९२ मिनिटांत संपतो, आणि शेवटी तुम्ही ‘आता बघा’ म्हणता तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. म्हणून नुसतं ‘एक-दोन-तीन, सुरू’ म्हणू नका. पडद्यावरची खूण सांगा: दिग्दर्शकाचं नाव दिसेनासं झालं की सुरू. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा एक खूण द्या, ‘आता दार आपटलं’. हिंदी सिनेमात तर देवानं मध्यंतराची पाटी दिलीच आहे, तिथं सगळ्यांना थांबवा, चहा प्यायला सांगा आणि नव्यानं सुरू करा. तुम्हालाही तुकड्यांत रेकॉर्ड करता येईल. तुमच्याकडं मे महिन्यात पंखा बंद करून अडीच तास बसायला सांगणारा माणूस खानदेशातला नसेल.

दाराला, खिडकीला गोधड्या टांगा. माइक तोंडापासून वीतभर, समोर नाही, जरा कडेला. फोन एरोप्लेन मोडवर. केळीच्या बागेतल्या मोटारी रात्री सुरू होतात, त्याची घरघर येईल, येऊ द्या थोडी. माइकचं म्हणाल तर तारेचा साधा कॉलर माइक आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यात तुमचं स्वतःचं भागेल. घ्याच. भावाला सोडण्यासाठी नाही, पण त्याच्यासोबत बसताय ते माइकसाठी नाही हे तुम्हालाच कळावं म्हणून.

आणि गप्प बसायला शिका, दोघंही. १९४२चा ‘कॅट पीपल’ बघा, सव्वा तासाचाही नाही. एक बाई रात्री एकटी चाललीय, मागं कुणीतरी आहे, पावलं येतात आणि थांबतात. आता झडप पडणार, तेवढ्यात फस्सकन् आवाज होतो आणि शेजारी बस येऊन थांबते. नुसती बस! तो आवाज आपल्या एसटीच्या ब्रेकसारखाच आहे. भुसावळच्या स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघितलेल्या कुठल्याही बाईला तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. त्या आधीच्या मिनिटभरात तुमच्यापैकी कुणी बोललं तर सगळं मुसळ केरात.

तेव्हा भाचीबाई, एकटीनं करू का, तर एखादा करून बघा, हौस म्हणून. ‘महल’ एकटीनं चांगला होईल. पण ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ दोघांनीच करा, आणि पहिल्यापासून पुन्हा करा. कागद स्वयंपाकघरात ठेवून या. दफनभूमीतला भाऊ चिडवायला लागला की तुमच्या भावाला विचारा, हा कोण रे? बघा काय म्हणतो. ग्रुपवर टाकू नका इतक्यात, मला पाठवा.

आणि ‘पुराना मंदिर’ परत बघाल तेव्हा, पुढच्या बाजूनं, सामरी खरंच डावखुरा आहे का तेवढं नीट पाहून कळवा.